ठरवण्याआधी थोडं बसू

पाठीला टेकू मिळेल अशी खुर्ची घ्या. मांडी घालून जमिनीवर बसायचा आग्रह धरू नका. मणका एकदा दबला की पुढं वाकून बसणं टाळायचं असतं, आणि मननाला मांडीच घालावी लागते असं कुठं आहे? तळपाय जमिनीला टेकवा. हात सैल सोडा. अक्षरं नीट दिसत नसतील तर नातीला वाचायला सांगा, आणि सावकाश वाच म्हणावं. बाहेर धुळे-सोलापूर महामार्गावरून ट्रक जातायत, हंगाम असेल तर उसाच्या ट्रॉल्याही. जाऊ द्यात. वडीगोद्रीत राहायचं तर त्या आवाजातच बसता आलं पाहिजे.

नाकानं एक श्वास आत घ्या. बरगड्या फुलतील तेवढ्याच फुलू द्या, ताणू नका. सोडा. असं दोन-चारदा करा.

आपल्याला आज एकाच प्रश्नापाशी बसायचं आहे. डॉक्टर म्हणालेत, हाडं फार विरळ झालीत, मणका दबलाय, नुसत्या गोळ्यांवर भागायचं नाही. हाड नव्यानं भरणारं इंजेक्शन घ्या, रोज एक, दोन वर्षं. तेव्हापासून घरात बोलणं चाललंय. लेक म्हणते घे. मुलगा म्हणतो बघू. शेजारीण म्हणते, या वयात आता काय सुया टोचून घ्यायच्या! या सगळ्यात तुमचं म्हणणं काय, हे अजून कुणी विचारलेलं नाही. तुम्हीही सांगितलेलं नाही. म्हणून हे बसणं.

*

मनानंच स्वतःच्या पाठीवरून हात फिरवा. मानेखालून सुरू करा आणि हळूहळू कमरेपर्यंत या. कुठं दुखतं ते आत्ता बाजूला ठेवा. काय बदललं ते आठवा. फळीवरचा तिखटाचा डबा पूर्वी सहज हाताला यायचा, आता सुनेला हाक मारावी लागते. लुगडं तेच, नेसण्याची रीत तीच, तरी घोळ जमिनीवर लोळतो. लग्नातल्या फोटोत तुम्ही जावेपेक्षा उंच दिसता, आणि परवा तीच जाऊ शेजारी उभी राहिली तर तिच्या कानाला लागलात.

उंची कमी झाली आहे. तरुणपणापेक्षा दीड इंच किंवा त्याहून जास्त घट असेल तर मणक्यांचा एक्स-रे काढावा, असं डॉक्टर सांगतात. कारण मणक्याचं मोडणं बहुतेकदा मुकाट्यानं होतं. दबलेल्या तीन मणक्यांपैकी दोन तरी कुणाच्या लक्षातच येत नाहीत. 'उसण भरली', 'हंडा उचलला म्हणून चमक निघाली' एवढ्यावर विषय मिटतो. चार दिवस शेक, थोडं मलम, आणि पाचव्या दिवशी पुन्हा कापूस वेचायला.

अशी एखादी उसण आठवते का? कोणतं साल, कोणता महिना? आठवलं तर तिथं थोडं थांबा. तेव्हा कुणी विचारपूस केली नसेल. आज तुम्ही करा.

*

आता आणखी मागं जाऊ. हे हाड गेलं कुठं?

'बाळंतपणांनी खाल्लं,' असं बऱ्याच जणी म्हणतात. पोटुशी असताना आणि अंगावर पाजताना आईच्या हाडातलं कॅल्शियम जातं हे खरं. पण दूध तुटल्यावर त्यातलं बहुतेक परत भरून येतं. जे भरून येत नाही ते पाळी गेल्यावर जातं. इस्ट्रोजेन आटलं की पुढची पाच-सात वर्षं हाड झपाट्यानं झिजतं, मग झिजण्याचा वेग कमी होतो, पण थांबत नाही.

आणि कित्येकींची पाळी आपणहून जातच नाही, ती घालवली जाते. शहागडला गोदावरीचा पूल ओलांडला की बीड जिल्हा लागतो. तिथल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या सर्रास काढल्या जातात, हा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, आणि त्यांतल्या अनेकींनी चाळिशीही गाठली नव्हती. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर इस्ट्रोजेन एकदम बंद होतं. अंडाशयं ठेवली तरी ती वेळेआधी थकू शकतात. 'पिशवी काढली, कटकट मिटली' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पुढं हाडांकडं लक्ष ठेव, असं सांगणारं क्वचितच कुणी भेटतं.

तुमची पिशवी काढली असेल तर कितव्या वर्षी? अंडाशयं ठेवली होती का? दम्यासाठी किंवा संधिवातासाठी स्टेरॉइड चालू होतं का? गुडघेदुखीवर कुणाकडून बिननावाच्या पुड्या आणून खाल्ल्या का? त्यांतही स्टेरॉइड मिसळलेलं निघतं. मिसरी लावता का? आईचा खुबा मोडला होता का?

हे आठवायचं ते डॉक्टरांना सांगण्यासाठी. स्वतःला बोल लावण्यासाठी मुळीच नाही. ज्या बाईनं आयुष्यभर दूध डेअरीला घातलं आणि घरात चहापुरतं ठेवलं, तिच्या हाडांचा हिशोब तिच्या एकटीच्या नावावर मांडता येत नाही.

एक श्वास घ्या. सोडा.

*

आता मन थोडं खोल न्या, हाडाच्या आत. आपल्याला वाटतं, हाड म्हणजे एकदा घडलं की घडलं. तसं नसतं. तिथं रात्रंदिवस काम चालू असतं. एका जातीच्या पेशी जुनं हाड पोखरून काढतात, दुसऱ्या जातीच्या पेशी त्या खड्ड्यात नवं भरतात. पोखरण्याचं काम काही आठवड्यांत उरकतं, भरायला मात्र महिने लागतात. तिशीपर्यंत भरणाऱ्यांचा जोर असतो. पुढं तो ओसरत जातो आणि पाळी गेल्यावर पोखरणारे वरचढ होतात.

जालन्याहून किंवा संभाजीनगरहून आणलेल्या तुमच्या डेक्सा तपासणीच्या कागदावर टी-स्कोअर नावाचा आकडा असतो. तो तुमच्या हाडाची तुलना निरोगी तरुण बाईच्या हाडाशी करतो. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ म्हणजे हाड पातळ होऊ लागलंय, उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ मध्ये ही मापं ठरवली. आकडा इतका खाली आणि त्यात साध्या धक्क्यानं हाड मोडलेलं असेल, तर त्याला तीव्र म्हणतात.

आकडा वाचून छातीत धस्स होतं, ते होऊ द्या. पण एक लक्षात ठेवा: तो आकडा आजचा आहे. आतलं काम अजून चालू आहे, आणि चालू आहे म्हणूनच त्यात हात घालता येतो.

*

हात घालायचे मार्ग दोन.

पहिल्या मार्गानं पोखरणाऱ्यांना आवरायचं. आठवड्याची अलेंड्रोनेटची गोळी, वर्षातून एकदा सलाईनमधून शिरेत दिलं जाणारं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, सहा महिन्यांनी एकदा घ्यायचं डेनोसुमॅब ही त्यातली औषधं. पुष्कळ जणींना तेवढं पुरतं.

दुसऱ्या मार्गानं भरणाऱ्यांना कामाला लावायचं. तुमच्या चिठ्ठीवरचं टेरिपॅराटाइड त्यातलं. आपल्या गळ्यात, थायरॉइडच्या मागं, चार बारीक ग्रंथी असतात. त्यांतून निघणाऱ्या पॅराथायरॉइड संप्रेरकाच्या साखळीत ८४ दुवे असतात. त्यातले पहिले ३४ म्हणजे हे औषध. आता गंमत बघा. हेच संप्रेरक शरीरात सतत जास्त राहिलं तर हाड पोखरलं जातं. त्या ग्रंथी बिघडलेल्या रोग्यांमध्ये ते दिसतंच. मग त्याच संप्रेरकानं हाड भरेल कसं?

उत्तर तुमच्या शेतात आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी पाळीनं मिळतं. पाळीनं दिलं तर ऊस वाढतो; तेच पाणी बारा महिने शेतात तुंबलं तर जमीन चिबडते. या औषधाचंही तसंच आहे. रोज एकदा २० मायक्रोग्रॅम, काही तासांत ते शरीरातून निघून जातं, आणि तेवढ्या थोडक्या स्पर्शानं भरणाऱ्या पेशी जाग्या होतात. म्हणून ते रोज घ्यायचं, आणि एकदाच घ्यायचं. काल चुकलं म्हणून आज दोन, असं चालत नाही.

रोमोसोझुमॅब नावाचं आणखी एक इंजेक्शन आहे, महिन्यातून एकदा, एक वर्ष. त्याची पाळंमुळं दक्षिण आफ्रिकेतल्या काही कुटुंबांत सापडतात. त्यांच्या अंगात स्क्लेरोस्टिन हे प्रथिन तयारच होत नाही, त्यामुळं हाडं जन्मभर जाड होत जातात. त्याच प्रथिनाला अडवणारं हे औषध आहे. मात्र वर्षभरात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला असेल तर ते देत नाहीत.

*

आता भीतीला समोर बसवू. एकेक करून.

सुईची भीती. पेन उघडून बघितलंय का? सुई नखाएवढी, केसासारखी बारीक. पोटाची किंवा मांडीची कातडी चिमटीत धरायची, सुई सरळ टोचायची, बटण दाबायचं, पाचपर्यंत मोजायचं, काढायची. सुई रोज नवी, आणि वापरलेली सुई जाड डब्यात, उकिरड्यावर नाही. पहिले काही दिवस इंजेक्शन घेताना पलंगावरच असा. काहींना उठल्यावर गरगरतं. पायात वांब येणं, मळमळणं, डोकं दुखणं, हेही होतं आणि बहुतेकींचं कमी होत जातं.

कॅन्सरची भीती. ती कुठून आली हे माहीत असू द्या. उंदरांना मोठ्या मात्रेत, जवळजवळ जन्मभर हे औषध दिलं तेव्हा त्यांच्या हाडात गाठी झाल्या. म्हणून २००२ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळताना औषधाच्या माहितीत ठळक चौकटीत इशारा छापला गेला. पुढं वर्षानुवर्षं माणसांवर लक्ष ठेवलं, तसा वाढीव धोका दिसला नाही, आणि २०२० मध्ये ती चौकट काढली गेली. तरीही ज्यांना हाडाचा कॅन्सर झालाय, हाडावर रेडिएशन घेतलंय, पॅजेटचा आजार आहे किंवा रक्तात कॅल्शियम आधीच जास्त आहे, त्यांनी हे घ्यायचं नाही. मुतखडा असेल तर आधी सांगायचं. सुरू करण्याआधी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, मूत्रपिंडाचं काम, अल्कलाइन फॉस्फेटेज तपासायचं. हाड इतकं का झिजलं, यामागं दुसरा आजार तर नाही ना, हेही बघून घ्यायचं.

आणि तिसरी भीती, न बोललेली. इतका खर्च माझ्यावर?

इथं जास्त वेळ थांबा.

महिन्याला काही हजार रुपये, असे चोवीस महिने. त्यात गाडीभाडं, तपासण्या. घरात नातवाची फी आहे, मोसंबीच्या बागेला औषध मारायचंय, सोसायटीचं कर्ज आहे. बैल आजारी पडला की डॉक्टर बोलवायला कुणी वेळ लावत नाही, आणि तुम्ही स्वतःचं दुखणं अमावस्येवर ढकलत आलात. खर्च परवडत नाही, हे खरं असू शकतं. पण 'परवडत नाही' आणि 'माझ्यासाठी नको' यांतलं तुमच्या मनात नेमकं कोणतं आहे, ते आज प्रामाणिकपणे बघा. पहिलं असेल तर त्यावर बोलता येतं: भारतीय कंपन्यांचं स्वस्त पेन, संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात चौकशी, शासकीय योजनेतून काही मिळतं का हे आरोग्यमित्राला विचारणं. दुसरं असेल तर घरच्यांनी कितीही पैसे पुढं केले तरी तुमचा हात मागंच राहील.

*

आता आकडे घेऊ, शांतपणे. वाढवून नाही, दडवूनही नाही.

२०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. आधीच मणके दबलेल्या १,३६० बायांपैकी निम्म्यांना हे रोजचं इंजेक्शन आणि निम्म्यांना रिसेड्रोनेटची आठवड्याची गोळी दिली. दोन वर्षांनी गोळीवाल्या शंभरात १२ जणींचा नवा मणका दबला होता, इंजेक्शनवाल्या शंभरात साधारण ५ जणींचा.

या आकड्यांकडं दोन्ही बाजूंनी बघा. धोका निम्म्याहून कमी झाला, ही एक बाजू. गोळी घेणाऱ्या शंभरातल्या ८८ जणींचाही नवा मणका दबला नाही, ही दुसरी. तुमचे एकाहून जास्त मणके दबलेले असतील, आकडा फार खाली असेल, गोळ्या घेत असतानाच हाड मोडलं असेल, तर इंजेक्शनची बाजू जड होते. धोका तेवढा नसेल तर गोळी किंवा वर्षाचं सलाईन हा कमीपणाचा पर्याय नव्हे.

आणि काहीच घ्यायचं नाही, हाही एक पर्यायच आहे. तोही चिठ्ठीवर लिहिलाय असं समजून तोला. एक मणका दबल्यावर पुढच्या वर्षभरात पाचातल्या एकीचा दुसरा दबतो, असं २००१ च्या एका मोठ्या पाहणीत दिसलं. खुबा मोडला तर वर्षभरात साधारण पाचातलं एक माणूस जातं, आणि जे राहतात त्यांतले कित्येक पुन्हा आधाराशिवाय चालत नाहीत. 'वय झालं, चालतंय तेवढं चालतंय' असं म्हणून आपण हा पर्याय रोज निवडत असतो. फरक इतकाच की त्याचं बिल दुकानदार देत नाही, म्हणून तो फुकट वाटतो.

*

इंजेक्शनकडं मन झुकत असेल तर आता घरात फिरून या, मनानंच.

फ्रिजपाशी थांबा. पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं. बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलं की ते वाया गेलं. भारनियमनात फ्रिज किती तास बंद असतो? तेवढा वेळ दार उघडायचं नाही, हे घरातल्या पोरांना कोण सांगणार? नसेल फ्रिज तर कुणाचा वापरायचा? एक पेन २८ दिवस. अठ्ठाविसाव्या दिवसानंतर उरलं तरी टाकायचं.

पलंगापाशी थांबा. सुई कोण देणार? नजर आणि हात ठीक असतील तर तुम्ही स्वतः; बऱ्याच जणी शिकतात. नाही तर सून, नात, गावातली ओळखीची नर्स. जी देणार तिला विचारा, गृहीत धरू नका. दोन वर्षं रोज, लग्नसराईत आणि उसाच्या हंगामातही.

न्हाणीपाशी थांबा. ओली फरशी, धरायला काही नाही, रात्रीचा अंधार. कोणतंही इंजेक्शन पडणं थांबवत नाही. भिंतीला दांडी, रात्री एक दिवा, पायात घट्ट चप्पल; हे औषधाआधी करायचं काम आहे.

चुलीपाशी थांबा. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, असं आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं माप आहे. बाजरीची भाकरी चांगली, पण तिच्यात ते थोडंच. पेलाभर दुधात साधारण ३०० मिलिग्रॅम मिळतं. तीळ आणि नाचणी वजनाच्या हिशोबानं दुधाहूनही तगडी. आज तुमच्या वाट्याला दूध किती येतं?

शेवटी दोन वर्षांनंतरच्या दिवसापाशी थांबा. शेवटचं पेन संपलं, पाठ बरी आहे, आणि घरात सगळे म्हणतात, झालं एकदाचं. इथंच घोटाळा होतो. इंजेक्शन थांबलं आणि मागोमाग पोखरणाऱ्यांना आवरणारं औषध सुरू झालं नाही, तर भरलेलं हाड ओसरायला लागतं. दोन वर्षांचे पैसे आणि टोचून घेतलेल्या सुया त्याबरोबर जातात. आणि ते पुढचं औषध डेनोसुमॅब असेल तर तेही मनानं सोडायचं नाही; अचानक सोडल्यावर एकाच वेळी अनेक मणके दबल्याची उदाहरणं आहेत. म्हणून सुरू करण्याआधीच विचारायचं: यानंतर कोणतं, किती दिवस?

*

एक श्वास. सोडा. डोळे मिटले असतील तर उघडा.

आता स्वतःचं एक वाक्य ठरवा, आणि ते जेवणाच्या वेळी, सगळे असताना, तुमच्याच तोंडून निघू द्या. 'मी इंजेक्शन घेणार, दोन वर्षं पुरी करणार, आणि त्यानंतरचं औषध कोणतं ते आत्ताच विचारून येणार.' किंवा, 'मी रोजची सुई घेणार नाही. वर्षाचं सलाईन चालेल का ते विचारणार, आणि न्हाणीत दांडी या आठवड्यात बसवून पाहिजे.' दोन्ही वाक्यं नीट विचार केलेल्या बाईची आहेत. डॉक्टर त्यातलं कुठलंही ऐकून पुढचं बोलू शकतात.

अजून ठरत नसेल तर 'बघू' म्हणा, पण पुढं तारीख जोडा: पोळ्याच्या आत, दसऱ्याच्या आत. कारण मणका दबल्यानंतरचं पहिलं वर्ष फार धोक्याचं असतं, आणि त्यातले किती महिने होऊन गेले, हे घरात तुमच्याइतकं नेमकं दुसऱ्या कुणालाच माहीत नाही.